सहा महिन्यांचा परवाना, दहा वर्षांचा बाजार : एका वस्तीतलं प्रकरण

पार्श्वभूमी

शहराचं आणि माणसांची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत. वस्ती जुनी आणि दाट आहे. तीन-चार मजली इमारती, खाली दुकानं, वर बिऱ्हाडं, पाच मिनिटांवर रेल्वे स्थानक. वस्तीच्या मधोमध एक कारखाना होता. तो बंद पडला, पाडला गेला, जमीन महापालिकेकडे आली आणि तिचं काय करायचं ते ठरेपर्यंत तिथे डांबर टाकून वाहनतळ झाला. काय करायचं ते ठरायला दहा वर्षं गेली.

लोक तोवर थांबले नाहीत. आठवड्यातून एका सकाळी तिथे उघड्यावरचा बाजार भरायला लागला. आसपासचे शेतकरी, फुलवाले, रोपवाटिकावाले, जुनं सामान विकणारे, धार लावणारे, छत्र्या दुरुस्त करणारे. हळूहळू बाजाराची वीण घट्ट झाली: कोण कुठे बसणार, कुणाची ताडपत्री कुणाच्या खांबाला बांधायची, हे सगळं बोलाचालीने ठरलेलं. मागच्या तीन-चार वर्षांत त्याच जागेला लागून असलेल्या रस्त्यावर संध्याकाळी फूड ट्रक उभे राहू लागले. आधी दोन, मग पाच, आणि आराखड्याचं काम सुरू झालं तेव्हा चौदा.

आराखडा म्हणजे या वस्तीचा पुढच्या वीस वर्षांचा विकास आराखडा. त्यात कारखान्याच्या जागेवर तळमजल्यावर वाचनालय आणि वर परवडणारी घरं प्रस्तावित होती. मागणी रास्त होती, वस्तीत दोन्हींची टंचाई होती. पण सध्याच्या वापराच्या नकाशात त्या जागेला करडा रंग दिला होता आणि सूचीत करड्या रंगासमोर लिहिलं होतं ‘वाहनतळ’. आठवड्यातल्या सर्वांत गजबजलेल्या सकाळी तिथे एकही गाडी नसते, ही गोष्ट नकाशाला ठाऊक नव्हती. जमीनवापराचे सर्वेक्षण कामाच्या दिवशी, कामाच्या वेळात होतं. त्यामुळे वेळेवर चालणारे वापर सर्रास निसटतात. बाजार आणि फूड ट्रक हे दोन्ही त्यातलेच.

अडचण

आराखड्यावरच्या पहिल्याच सभेत ट्रकांविरुद्ध तक्रारींची झोड उठली. जनरेटरचा आवाज रात्री अकरापर्यंत. तळणाचा धूर पहिल्या मजल्याच्या खिडक्यांत. रांगेमुळे फुटपाथवरून व्हीलचेअर जात नाही. कोपऱ्यावर ट्रक उभा असला की रस्ता ओलांडणारा माणूस गाडीवाल्याला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. पावसाळी गटार तुंबतं. बाजारवाल्यांचं दुखणं वेगळंच होतं: गर्दीच्या रात्री ट्रक आतल्या डांबरावरही चढतात, तेलाचे डाग सोडून जातात, आणि सकाळी त्याच जागी पोती अंथरून माल मांडायची वेळ येते.

रेस्टॉरंटवाले सगळ्यांत तयारीने आले होते. त्यांच्यातल्या एकाने सांगितलं, “आम्ही भाडं भरतो, कर भरतो, मंदीतही दार उघडं ठेवतो. हे चाकांवर येतात, गर्दीच्या चार तासांत मलई खातात आणि चाकांवर निघून जातात.” टाळ्या पडल्या. ट्रकवाल्यांपैकी सभेला दोघंच होते, कारण सभा संध्याकाळी सात वाजता होती.

आराखडा करणाऱ्या नियोजन गटाने पुढे जे केलं ते या प्रकरणातलं सर्वांत उपयोगी काम, असं माझं मत आहे. त्यांनी प्रत्येक तक्रारीला एकच प्रश्न विचारला: हा त्रास ट्रक आहे म्हणून होतो, की ट्रक ज्या अवस्थेत उभा आहे तिच्यामुळे होतो?

आवाजापासून सुरुवात झाली. ट्रकमध्ये आवाज करणारी वस्तू एकच, जनरेटर. मोकळ्या मैदानात आवाजाच्या उगमापासूनचं अंतर दुप्पट झालं की तीव्रता साधारण 6 डेसिबलने उतरते. पण समोरासमोर भिंती असलेल्या अरुंद रस्त्यात आवाज आपटून परत येतो आणि ही उतरण कमी पडते. म्हणून ट्रक थोडे पुढे-मागे सरकवून फारसं साधणार नव्हतं. मग ट्रकवाले जनरेटर का वापरतात? कारण रस्त्यावर वीजजोड नाही. तो का नाही? वीज कंपनीला कायमचा पत्ता आणि दीर्घ मुदतीचा ग्राहक लागतो. ट्रकवाल्याकडे असतो सहा महिन्यांचा परवाना.

गटाराचंही तेच. एका संध्याकाळी गटातल्या अभियंत्याने सगळ्यांसमोर रस्त्याकडेची जाळी उचलून दाखवली. खाली पिवळट पांढरा थर जमला होता, चांगला तळहाताएवढा जाड, त्यात रुतलेला एक प्लास्टिकचा काटा-चमचा. अभियंत्याने स्क्रू ड्रायव्हर टोचला तर तो उभा राहिला. गरम असताना तेल पाण्यासारखं वाहतं. नळीत थंड झालं की भिंतीला चिकटतं आणि त्यावर पुढचा थर बसतो. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात 2017 मध्ये मैलावाहिनीत सापडलेला चरबीचा गोळा 250 मीटर लांब आणि सुमारे 130 टन वजनाचा होता, तो असाच वाढलेला. शिवाय जिथे पावसाळी गटारं मैलावाहिनीपासून वेगळी असतात, तिथे त्यातलं पाणी कुठल्याही प्रक्रियेविना नदी-नाल्यात जातं. म्हणजे इथे प्रश्न नुसत्या तुंबण्याचा नव्हता. पण ट्रकवाल्यांनी सांडपाणी ओतायचं तरी कुठे? परवान्यात लिहिलं होतं, ‘योग्य ठिकाणी विल्हेवाट लावावी’. ते योग्य ठिकाण शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं.

परवाना सहाच महिन्यांचा का, याचं उत्तर मालमत्ता विभागाकडे मिळालं: “तिथे बांधकाम होणार आहे, सध्या तात्पुरती सोय आहे.” जागेवर खर्च का करत नाही, याचंही उत्तर तेच. आरोग्य, अग्निशमन, वाहतूक आणि मालमत्ता अशा चार विभागांच्या चार परवानग्या लागायच्या, प्रत्येकीची मुदत वेगळ्या तारखेला संपायची. सहा महिन्यांच्या कागदावर बँक कर्ज देत नाही, म्हणून ट्रकवाला सेकंडहँड, कर्कश जनरेटर घेतो. महापालिका पैसे घालत नाही, म्हणून पाणी नाही, वीज नाही, निचरा नाही. या सगळ्यातून घाण आणि गोंगाट होतो, आणि ती घाण दाखवून पुढच्या वेळी परवाना पुन्हा सहाच महिन्यांचा दिला जातो. वर्षानुवर्षं हे चक्र फिरत राहिलं आणि दरवेळी दोष विक्रेत्यांच्या सवयींवर ढकलला गेला.

दोन तक्रारी मात्र खरोखर जागेच्याच होत्या: कोपऱ्यावरची दृष्टिरेषा आणि अपुरा फुटपाथ. त्या वीजजोडाने सुटणाऱ्या नव्हत्या.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय रेस्टॉरंटवाल्यांनी मांडला, अंतराचा नियम. शिकागोत फूड ट्रकला रेस्टॉरंटच्या दारापासून 200 फुटांच्या आत उभं राहता येत नाही आणि ट्रकवर जीपीएस यंत्र बसवावं लागतं. त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हा नियम वैध ठरवला. गटाने वस्तीच्या नकाशावर प्रत्येक खानावळीभोवती साधारण 60 मीटरची वर्तुळं काढून पाहिली. वर्तुळांबाहेर उरली ती विजेच्या उपकेंद्रामागची गल्ली, जिथे संध्याकाळनंतर कुणी जात नाही. दाट वस्तीत अंतराचा नियम म्हणजे बंदीच, फक्त तसं म्हणायचं नाही, एवढं त्या नकाशावरून सर्वांना कळलं.

दुसरा पर्याय छताखाली हलवण्याचा. त्यासाठी सिंगापूरचं उदाहरण सगळे देतात. तिथे रस्त्यावरच्या खाद्यविक्रेत्यांना 1970 आणि 80 च्या दशकांत पाणी, निचरा आणि वीज असलेल्या हॉकर केंद्रांत हलवलं गेलं. त्या संस्कृतीची 2020 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली. पण उदाहरण देणारे एक गोष्ट गाळतात: ही केंद्रं सरकारी घरांच्या वसाहतींना लागून, गिऱ्हाईक असेल तिथे बांधली गेली आणि जुन्या विक्रेत्यांना भाड्यात मोठी सवलत मिळाली. इथल्या प्रस्तावातली इमारत वस्तीच्या कडेला होती आणि भाडं बाजारभावाने. नाव सिंगापूरचं असलं तरी हिशेब मॉलचा होता.

तिसरा, खासगी जागेवर ट्रकांचा अड्डा. ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये मोकळ्या खासगी वाहनतळांच्या कडेने गाड्यांचे तळ उभे राहिले आणि शहराची ओळख बनले. पण जमिनीचा भाव चढला की असा तळ टिकत नाही. तिथला अल्डर स्ट्रीटवरचा प्रसिद्ध तळ 2019 मध्ये उंच इमारतीसाठी रिकामा करावा लागला आणि काही गाड्यांना नवी एकत्र जागा मिळेपर्यंत 2021 उजाडलं. गटाला हे उदाहरण फार जवळचं वाटलं, कारण आपल्या जागेवरही तेच होऊ घातलं होतं. फरक एवढाच की इथे मालक महापालिका होती, म्हणजे आधीच ठरवण्याची मुभा होती.

चौथा पर्याय, बाजार आणि ट्रक हा वस्तीतला कायमचा जमीनवापर मानायचा, आराखड्यात त्याला वेळेसकट जागा द्यायची, आणि इमारतीचा तळमजला त्याप्रमाणे बदलायचा. हा सर्वांत महाग, सर्वांत रेंगाळणारा. शेवटी हाच निवडला गेला, पण सरळ वाटेने नाही.

निर्णयाचे क्षण

*स्पर्धा हा नियोजनाचा विषय आहे का?* यावर गट जवळजवळ फुटला. एका बाजूचं म्हणणं, वस्तीतली दुकानं जगली तरच रस्ता जगतो. त्यांना ओरबाडणारा पाहुणा नको. दुसरी बाजू म्हणे, कुणाचा धंदा चालावा हे नकाशाने ठरवू नये. कॅलिफोर्नियात 2019 पासून लागू असलेला फुटपाथवरच्या विक्रेत्यांबद्दलचा कायदा इथे कामाला आला. त्यानुसार स्थानिक प्रशासनाला विक्रीवर बंधनं घालायची असतील तर ती आरोग्य, सुरक्षितता किंवा लोककल्याणाच्या वस्तुनिष्ठ कारणावर उभी असावी लागतात. रहिवाशांची नापसंती किंवा इतरांशी होणारी स्पर्धा हे तसं कारण धरलं जात नाही. हा कायदा इथे लागू नव्हता, पण कसोटी म्हणून तो सर्वांना पटला. अंतराचा नियम मागे पडला. रेस्टॉरंटवाल्यांचा एक मुद्दा मात्र या कसोटीवरही टिकला: ट्रकचं गिऱ्हाईक त्यांची स्वच्छतागृहं वापरतं. त्याकडे त्या वेळी कुणी फार लक्ष दिलं नाही.

*जागा कुणाला?* ‘जो आधी येईल त्याची जागा’ या रिवाजाने एक गमतीदार धंदा तयार झाला होता. पहाटे एक खिळखिळी छोटी मोटार येऊन पट्ट्यात उभी राहायची, दिवसभर जागा अडवायची. संध्याकाळी पाचला तिचा मालक यायचा, मोटार पुढे घ्यायचा आणि मागून ट्रक अलगद आत सरकायचा. रहिवाशांना वाटायचं, पार्किंग ट्रकमुळे जातंय. प्रत्यक्षात ते ट्रक नसतानाच जात होतं. पर्याय दोन होते, ज्येष्ठता किंवा सोडत. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनने 2013 मध्ये ट्रकच्या ठरावीक जागांसाठी महिन्याच्या सोडतीची पद्धत आणली. ज्येष्ठतेच्या बाजूने बोलणाऱ्यांना न्यूयॉर्कचं उदाहरण दाखवलं गेलं: तिथे 1980 च्या दशकात परवान्यांची संख्या गोठवली गेली, परवाने जुन्या धारकांकडेच राहिले आणि प्रत्यक्ष गाडी लावणारे ते चोरून, कितीतरी पट मोबदल्यावर भाड्याने घेऊ लागले, 2021 च्या नव्या कायद्याने टप्प्याटप्प्याने नवे परवाने द्यायचं ठरवलं. गटाने मधला मार्ग काढला. दहा जागांपैकी सहा तीन वर्षांच्या मुदतीने, चार दर तिमाहीच्या सोडतीने. परवाना हस्तांतरित करता येणार नाही, गाडीवर धारक किंवा घरचं माणूस हजर हवं.

चौदांचे दहा का झाले, हेही सांगायला हवं. तो आकडा फुटपाथवरून निघाला. कोपऱ्यापासून 6 मीटर मोकळे सोडले, अग्निशमन विभागाने दोन गाड्यांमध्ये 3 मीटर मागितले, आणि रांग उभी असतानाही चालायला सलग 1.8 मीटर रुंदी उरली पाहिजे असं ठरलं. फुटपाथची किमान रुंदी म्हणून हे माप भारतीय रस्ते परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. पट्टी ठेवून मोजलं तर दहाच बसत होते. चार ट्रकवाल्यांना आतल्या जागेत संध्याकाळी सोय दिली गेली. कुणाच्या मर्जीने संख्या ठरली नाही, म्हणून ती पुढे फारशी वादात सापडली नाही.

*समितीत कोण?* भारताच्या 2014 च्या पथविक्रेता कायद्यात नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश महिला. महापालिकेने बाजार आणि ट्रकांसाठीच्या समितीत ही टक्केवारी जशीच्या तशी घेतली. सभा दुपारी तीनला ठेवली, हे मला टक्केवारीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

*तळमजला कुणाचा?* वास्तुरचनाकारांच्या पहिल्या आराखड्यात वाचनालय तळमजला पूर्ण व्यापत होतं. बाजारवाल्यांनी सह्यांची मोहीम काढली. कुणीतरी सिअ‍ॅटलच्या पाईक प्लेस बाजाराची गोष्ट सभेत आणली: 1907 मध्ये सुरू झालेला तो बाजार पाडून नवी बांधकामं करायचा घाट होता, पण 1971 मध्ये मतदारांनी कौल देऊन तो वाचवला. इथे मतदानापर्यंत पाळी आली नाही. वाचनालय पहिल्या मजल्यावर गेलं, तळमजल्याचा मोठा भाग खांबांवर मोकळा राहिला. त्यासाठी घरांची एक रांग कमी झाली. घरं हवी असणाऱ्यांना हे अजूनही खटकतं, आणि त्यांचं चुकतं असं मला म्हणता येत नाही.

केलेली कामं

रस्त्याकडेला दहा वीजखांब बसवले, प्रत्येकात कुलूपबंद सॉकेट आणि वेगळं मीटर. ग्राहक म्हणून महापालिकेचं नाव, वापरानुसार वसुली विक्रेत्याकडून. जनरेटरला बंदी घातली गेली ती खांब सुरू झाल्यानंतर, आधी नाही. हा क्रम साधा दिसतो, पण आधी दोनदा उलटा लावून फसला होता. वापरलेलं तेल आणि सांडपाणी यांसाठी जागेच्या मागच्या कोपऱ्यात जमिनीखाली चरबी अडवणारी टाकी आणि वर ओतायचं तोंड केलं. विक्रीची खिडकी फुटपाथच्याच बाजूला हवी, रांग गाडीला समांतर, हे पांढऱ्या पट्ट्याने रंगवलं. चार परवानग्या एका अर्जात आल्या, सगळ्यांची मुदत एकाच तारखेला.

गॅसबाबत अग्निशमन विभाग ठाम होता. 2014 मध्ये फिलाडेल्फियात फूड ट्रकच्या प्रोपेन टाकीचा स्फोट होऊन मायलेकींचा जीव गेला होता. दर सहा महिन्यांनी नळ्या-जोडांची तपासणी, टाकी बाहेरून बांधलेली आणि आडोशात, गाडीत गळती सांगणारं यंत्र. यावर कुणी घासाघीस केली नाही.

आणि एक माणूस नेमला. बाजार व्यवस्थापक, अर्ध्या वेळचा, पगार परवाना शुल्कातून. खांबाचा फ्यूज गेला, टाकी भरली, कुणी रांग वाकडी लावली, तर फोन त्याला. आराखड्याच्या कागदात ही एक ओळ आहे. प्रत्यक्षात अर्धं यश तिच्यावर चाललं.

काय झालं

आवाजाच्या तक्रारी पहिल्या तिमाहीतच जवळपास थांबल्या. धुराच्या थांबल्या नाहीत, कारण वीज आली तरी तळण तसंच राहिलं; दोन गाड्यांनी गाळणीचे पंखे लावले, बाकीच्यांना ते परवडत नाहीत. गटार त्या वर्षी तुंबलं नाही. पहाटेच्या मोटारी गायब झाल्या. एका रेस्टॉरंटवाल्याने, सभेत टाळ्या घेणाऱ्यानेच, पुढच्या सोडतीत अर्ज भरला आणि त्याला जागा मिळाली. तीन वर्षांच्या परवान्यावर तिघांना बँकेने कर्ज दिलं.

बाजाराची कहाणी इतकी गोड नाही. बांधकामाच्या काळात तो शेजारच्या गल्लीत हलवला. गल्ली लांबट असल्याने मधल्या विक्रेत्यांपर्यंत गिऱ्हाईक पोचेना. चौकोनी जागेत माणूस फेरी मारतो, लांब गल्लीत अर्ध्यावरून परततो. धार लावणारे, दुरुस्तीवाले आणि जुन्या सामानवाले आधी गळाले, कारण त्यांचं गिऱ्हाईक ठरवून येत नाही, येता-जाता थांबतं. नव्या मोकळ्या तळमजल्यावर बाजार परतला तेव्हा शेतकरी बहुतेक आले, दुरुस्तीवाले निम्मेही नाही. खांबांखाली सावली आहे, पाऊस लागत नाही, ओट्यांना पाण्याचे नळ आहेत. पण विक्रेत्यांची पूर्वी होती तशी सरमिसळ राहिली नाही.

सर्वांत मोठा फटका कुणी मोजलाच नव्हता अशांना बसला. ट्रकांच्या मधल्या फटींत हातगाड्यावाले उभे राहायचे, कुठलाच परवाना नसलेले. गाड्यांमधले 3 मीटर मोकळे ठेवायचं ठरलं आणि त्या फटी सुरक्षिततेच्या नावाने बंद झाल्या. गट ट्रकांची यादी करून बसला होता, हातगाड्यांची यादी कुणाकडेच नव्हती. भारताच्या कायद्यात सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कुणाला हटवू नये अशी तरतूद आहे, ती याच कारणासाठी. महापालिकेने तिथून समितीची टक्केवारी उचलली, पण हे कलम मागे ठेवलं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वेक्षण आधी, आणि आठवड्याच्या सगळ्या वेळांत. बाजाराच्या सकाळी, ट्रकांच्या संध्याकाळी, पावसात. मोजायचं ते गाड्यांना नाही, जो कुणी काही विकतोय त्याला. तसं झालं असतं तर दहा खांबांबरोबर हातगाड्यांसाठी लहान चौकोनही आखले गेले असते. कोपऱ्यावरच्या मोकळ्या 6 मीटरच्या पलीकडे, जिथे ट्रक मावत नाही पण छातीच्या उंचीपेक्षा कमी हातगाडी चालते, अशी जागा होती.

शुल्क सर्वांना सारखं ठेवणं सोपं होतं म्हणून तसं ठेवलं. दररोज लागणारा ट्रक आणि आठवड्यातून एकदा येणारी रोपवाटिका एकाच रकान्यात आली. जागेच्या मापावर आणि वापराच्या दिवसांवर शुल्क बसवलं असतं तर बांधकामाच्या काळात गळालेल्यांपैकी काही टिकले असते, असं व्यवस्थापकही सांगतो.

तात्पुरती जागा निवडताना क्षेत्रफळ पाहिलं गेलं, आकार पाहिला गेला नाही. बाजारासाठी ती चूक महाग पडली. स्थानकासमोरचा चौक लहान होता, पण चौकोनी होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेवर होता. वाहतूक विभागाने नकार दिला म्हणून विषय तिथेच संपला. आठवड्यातून चार तासांसाठी रस्ता वळवण्याची मागणी लावून धरायला हवी होती.

आणि स्वच्छतागृह. विक्रेते सहा-सात तास उभे असतात, त्यांत बायका निम्म्या. रेस्टॉरंटवाल्यांनी पहिल्याच सभेत तोंड फोडलं होतं, पण स्पर्धेच्या वादात ते वाहून गेलं. नव्या इमारतीत वाचनालयाचं स्वच्छतागृह आहे. ते वाचनालयाबरोबर रात्री आठला बंद होतं, ट्रक त्यानंतरही उभे असतात. बाहेरून वेगळं दार ठेवलं असतं तर बांधताना एक भिंत इकडची तिकडे झाली असती. आता तोडफोड करावी लागेल.

समितीच्या पुढच्या बैठकीत दोन प्रस्ताव आहेत: हातगाड्यांसाठी आठ चौकोन, आणि हे वेगळं दार. पैसे सध्या एकापुरतेच आहेत. चौकोनांना रंग आणि एक ठराव लागतो, दाराला कंत्राटदार लागतो. म्हणून चौकोन व्यवस्थापकाच्या नेहमीच्या खर्चातून या महिन्यात आखावेत आणि निधी दारासाठी राखावा, असं विक्रेत्यांच्या प्रतिनिधींनी लेखी दिलं आहे. मालमत्ता विभागाने चौकोनांच्या परवान्याची मुदत विचारली आहे. मसुद्यात त्यांनी स्वतःहून सहा महिने लिहून पाठवले आहेत.